अर्ध्या ताटल्या तुझ्या

बोहोल बेटावरच्या नोंग इस्योचा, म्हणजे इस्योदादाचा, घात केला तो एका भाजलेल्या डुकराने. तसं डुक्कर काही वाईट नव्हतं. कातडी तांबूस, कुरकुरीत भाजली होती, आणि तिबांगच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला आलेल्या पाहुण्यांनी त्याचं तोंड भरून कौतुक केलं होतं. चूक एवढीच, की ज्या पलंगावर ते आडवं ठेवलं होतं तो न्योरा प्रुदेन्सियाच्या, म्हणजे गावातल्या मोठ्या घराच्या मालकीणबाईच्या, आईचा होता, कोरीव खांबांचा. तिबांगच्या सुनेने हौसेने फोटो काढला, फेसबुकवर टाकला आणि गावातले जेवढे म्हणून लोक परदेशी गेले होते त्या सगळ्यांची नावं खाली जोडली. बिचाऱ्यांना तिकडे बसून निदान बघायला तरी मिळावं, हा तिचा चांगला हेतू. त्या नावांत शिकागोला राहणाऱ्या न्योरा प्रुदेन्सियाचंही नाव होतं.

न्योराने फोटो बोटांनी ताणून मोठा केला. आधी पलंग ओळखला. मग पाहुण्यांच्या हातातल्या निळ्या फुलांच्या ताटल्या ओळखल्या, मग खुर्च्या, आणि टेबलावर अंथरलेला कपडा म्हणजे आपल्या दिवाणखान्याचा पडदा, हेही तिच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी इस्यो कोंबड्यांना दाणे टाकत असताना त्याचा फोन वाजला.

"इस्यो, मी शनिवारी येतेय."

"अरे वा न्योरा! जत्रेला! आनंद झाला..."

"माझ्या आईच्या पलंगावर डुक्कर कोणाचं?"

इस्योच्या हातातला दाण्यांचा डबा तिथेच उपडा झाला आणि कोंबड्यांची चंगळ झाली.

"घरातल्या एकेका वस्तूचा हिशोब तयार ठेव," न्योरा म्हणाली. "तो दे आणि किल्ल्या दे. मला आता दुसरा कारभारी बघायला लागणार."

इस्योचा बाप त्या मोठ्या घराचा कारभारी होता, आणि बापामागे इस्यो. न्योरा ऐन तरुणपणी नर्स होऊन अमेरिकेला गेली ती आईबापांच्या मातीला तेवढी येऊन गेली. घर, नारळाची बाग, कपाटं भरभरून भांडी, सगळं इस्योच्या हवाली. त्याने ते सांभाळलंही, पण आपल्या पद्धतीने. कोणाच्या घरी लग्न निघालं, बारसं निघालं, कोणी मेलं, की माणूस येऊन दारात उभा राहायचा आणि इस्योच्या तोंडून नाही म्हणून निघायचं नाही. ताटल्या कपाटात ठेवून त्यांना काय अंडी घालायचीत, असं तो म्हणायचा. शिवाय ज्या घरी ताटल्या जायच्या त्या घरी इस्योला पहिल्या पंगतीचं जेवण असायचं, तेही डुकराच्या पाठीच्या मांसाचं. उगाच कोणी त्याला संत समजू नये. गेलेली वस्तू परत देण्याचं मात्र कोणी तेवढं मनावर घ्यायचं नाही. बायको गेल्यापासून तर विचारणारंही घरात कोणी नव्हतं.

आता तो ओसरीवर बसून बोटांवर हिशोब करू लागला. किल्ल्या गेल्या की तो राहत होता ती मागची खोलीही गेली. माडावर चढून माडी काढावी, तर गुडघे जिना चढतानाच कुरकुर करायचे. सेबूला मुलाकडे जावं, तर मुलाचं घर म्हणजे एक खोली, त्यात सून, तिची आई आणि शिवणयंत्र. सून वाईट नव्हती, पण मागच्या खेपेला तिने चौथ्या दिवशी बोटीचं वेळापत्रक त्याच्या उशाशी आणून ठेवलं होतं. तिच्या दारात पुन्हा पिशवी घेऊन उभं राहायचं, या विचारानेच त्याचे कान तापले.

बरं, गावभर गेलेल्या वस्तू गोळा करून आणाव्यात, तर पुढच्या बुधवारी सान मातेओची जत्रा. जत्रेच्या दिवशी इथे कोणाच्याही दारात कोणीही चढावं आणि जेवून जावं. अनोळखी माणसाला ताटलीवाचून परत पाठवलं, तर त्या घराला वर्षभर तोंड वर करता येत नाही. आत्ता ताटल्या ओढून न्यायच्या म्हणजे सगळ्या गावाशी उभा दावा मांडायचा, आणि उद्या आसरा मागायचा तो याच गावाकडे. इस्यो बराच वेळ कोंबड्यांकडे बघत राहिला. मग एकदम उठला, शर्ट घातला आणि थेट तिबांगच्या घरी गेला.

तिबांग परसात डुकरांना खाणं घालत होती. अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून भक्कम.

"या या, नोंग! ऐकलं मी. न्योरा येतेय ना? माझ्या सुनेला मी सकाळपासून इतकं झापलंय की ती आता फोनला हात लावत नाही."

"सुनेचं राहू दे. न्योराच्या ताटल्या किती आहेत तुझ्याकडं?"

"मी काय मोजते? शंभर असतील. आता तुम्ही नेणार म्हणा सगळ्या. मग बुधवारी पाहुण्यांनी काय माझ्या तळहातावर जेवायचं?"

"एक उपडी कर बघू."

तिबांगने ताटली उपडी केली. बुडाला लाल नेलपॉलिशने न्योराच्या नावाची दोन अक्षरं. गावात सगळ्याच घरांच्या भांड्यांना अशी अक्षरं असतात, नाहीतर जत्रेनंतर कोणाचं काय ते कळायचं नाही.

"सुनेकडं नेलपॉलिश आहे ना?" इस्यो म्हणाला. "लवकर बस. ही अक्षरं खरवडून काढ आणि पन्नासांवर तुझं नाव घाल. अर्ध्या ताटल्या तुझ्या. अर्ध्या मी नेतो."

तिबांग त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने पदराने हात पुसावेत तसे झग्याला पुसले आणि हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली.

"नोंग, तुम्ही दर रविवारी देवळात उभं राहून आम्हाला शहाणपण शिकवता ना हो!"

"रविवारचं रविवारी बघू. ब्रश आण."

पुढचे दोन दिवस गावात जो धुमाकूळ झाला तसा जत्रेतही होत नाही. घरोघरी बायका अंगणात बसून ताटल्यांची बुडं खरवडत होत्या. लाल नेलपॉलिश संपलं, मग गुलाबी संपलं, मग कोणीतरी होडीचा हिरवा रंग काढला. माडी काढणाऱ्या गोर्योकडे चार मोठ्या कढया होत्या.

"दोन तुझ्या," इस्यो म्हणाला.

"अहो, पण अक्षरं कोरलीयत त्यांच्यावर."

"मग कानस घे! मी सांगू का सगळं?"

पलंग परत आला, पण गादीवाचून. खुर्च्या निम्म्या परत आल्या, निम्म्यांना रातोरात नवा रंग आला. एका म्हातारीने तर दिवाणखान्याच्या दुसऱ्या पडद्यातल्या अर्ध्याचा झगा आधीच शिवून घातला होता. उरलेला अर्धा पडदा तिने मान खाली घालून परत दिला. आणि सगळ्यांना इस्योने एकच गोष्ट पढवून ठेवली. न्योराने विचारलं तर म्हणायचं, मागे झालेल्या मोठ्या भूकंपात गेलं.

शनिवारी न्योरा आली ती चार प्रचंड खोकी घेऊन. बारीक चणीची, पांढरे केस आखूड कापलेले, पायात पांढरे बूट. अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या तिने कपाट उघडायला लावलं.

"बाकीच्या ताटल्या?"

"भूकंपात फुटल्या, न्योरा."

"खुर्च्या?"

"भूकंप."

"आणि गादी? गादीसुद्धा भूकंपात फुटली?"

इस्योने कुंपणाकडे बघितलं. तिथे गाव जमलेलंच होतं. तिथून गोर्योने मदतीला धाव घेतली. "फार मोठा होता हो भूकंप, न्योरा!"

न्योराने पलंगाच्या खांबाला नाक लावलं. खांबाला लसूण, गवती चहा आणि भाजल्या डुकराचा वास येत होता.   भूकंपाला तेवढं करता येत नाही, हे इस्योलाही कळत होतं.

"उद्या देवळानंतर किल्ल्या," ती म्हणाली.

गावात पाद्री महिन्यातून एकदा येतो. बाकीच्या रविवारी छोट्या देवळात वचन वाचायचं आणि त्याचा अर्थ सांगायचा तो इस्योनेच. त्या रविवारी सकाळी त्याने पुस्तक उघडलं, ठरलेल्या पानावरची खूण काढली, आणि पुस्तक पुन्हा मिटलं. त्या दिवसाची गोष्ट होती लबाड कारभाऱ्याच्या दाखल्याची.

हा दाखला वाचनाच्या क्रमात दर तीन वर्षांनी येतो, आणि दर तीन वर्षांनी त्या रविवारी इस्योला नेमका ताप येतो. मालकाची मालमत्ता उधळणारा कारभारी. मालक त्याला काढणार म्हणून तो देणेकऱ्यांना बोलावतो, तुझं निम्मं लिही, तुझं थोडं कमी लिही, म्हणजे उद्या ते आपल्याला घरात घेतील. इथपर्यंत ठीक. पण मग मालक त्या लबाडाला शाबासकी देतो! का देतो? इस्योला ते कधी उमगलं नव्हतं. पाद्रीबाबांना एकदा विचारलं, तर त्यांनी घड्याळ बघितलं होतं.

आज ताप येणं शक्य नव्हतं. पहिल्या बाकावर न्योरा बसली होती, मांडीवर हात जुळवून.

इस्योने वाचायला सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. 'कारभारी' आला आणि तिबांगने तोंडात रुमाल कोंबला. "बस लवकर आणि पन्नास लिही" हे आलं तेव्हा अख्ख्या बायकांच्या बाजूचे बाक हलायला लागले. गोर्यो खाली वाकून चपलेचा अंगठा शोधत होता, पण त्याची पाठ गदगदत होती. इस्योचा घाम पुस्तकावर टपकला. शेवटची ओळ त्याने अशी वाचली की कोणाला ऐकूच येऊ नये.

"जरा मोठ्यानं!" न्योरा म्हणाली.

"आणि मालकाने," इस्यो ओरडला, "त्या लबाड कारभाऱ्याची वाहवा केली!"

 आता अर्थ सांगायचा.

"तर बंधुभगिनींनो," इस्यो म्हणाला, "या मालकाने वाहवा का केली..." आणि पुढे काही सुचेना. त्याने छताकडे बघितलं. तिथे पाल होती. "याचं कारण असं की... मालक... मनाने मोठा होता."

"मनाने मोठा कसला, त्याला भूकंपाचं पटलं असेल!" मागून कोणाचा तरी आवाज आला, आणि मग बांध फुटला. माणसं बाकांवर आडवी होऊन हसली. तिबांगच्या तोंडातला रुमाल पुढच्या बाकावर जाऊन पडला. सान मातेओच्या पुतळ्यापुढच्या मेणबत्त्यासुद्धा हलत होत्या.

न्योरा उभी राहिली. हसू विरलं.

"याचा अर्थ मी सांगते," ती म्हणाली. "अर्थ असा, की किल्ल्या आत्ता दे."

इस्योने कमरेचा जुडगा सोडला आणि तिच्या हातावर ठेवला. बापाच्या कमरेला होता तोच. त्याला वाईट वाटलं, फार वाटलं. पण त्या वाईटात बुडायला कोणी त्याला सवडच दिली नाही. देवळाच्या पायरीवर तिबांगने त्याचा डावा हात धरला.

"नोंग, माझ्याकडं राहायचं. मागची खोली रिकामीच आहे."

"वा गं वा! तुझ्या खोलीत डुकरांचं खाणं असतं," असं म्हणत गोर्योने उजवा हात धरला. "माझ्याकडं, नोंग. समुद्राचा वारा येतो."

"वारा नाही, सुकटाचा वास येतो!"

"तुला काय करायचंय? ते सुकट खातात!"

पडद्याचा झगा घातलेली म्हातारी मधे घुसली. तिने हात धरायला जागा उरली नाही म्हणून शर्टाची शेपटी धरली. सेबूच्या खोलीत ज्या माणसाला पाय पसरायला जागा नव्हती, त्या माणसाची आता वाटणी चालली होती. शेवटी ठरलं की दुपारी तिबांगकडे, उद्या गोर्योकडे, आणि झोपायचं कुठे ते जेवल्यावर भांडून ठरवायचं. या सगळ्या गडबडीत न्योरा किल्ल्या घेऊन एकटीच घरी निघून गेली. तिच्याकडे कोणी बघितलं नाही. मोठ्या घराला कोण जेवायला बोलावतं? उलट तेच आपल्याला बोलावतं.

दुपारी तिबांगच्या पडवीत पंगत बसली होती. भात होता, डुकराचं गोडसर कालवण, शिरक्यातली मासळी आणि उकडलेला ऊबे कंद, जांभळा, वाफाळता. इस्यो पहिला घास घेणार तोच वाटेवर पांढरे बूट दिसले. न्योरा घरोघरीची कुंपणं बघत येत होती. तिला खुर्च्या शोधायच्या होत्या की आणखी काही, ते तिचं तिलाच ठाऊक.

वाटेवरून कोणी चाललं आणि आपण जेवत असलो, तर हाक मारायचीच. "या, जेवायला या!" जाणाऱ्याने म्हणायचं, "चालू द्या, आत्ताच जेवले." तो उपाशी असला तरी हेच म्हणायचं आणि पुढे जायचं. हे इथे रांगतं पोरही जाणतं. तिबांगने सवयीने तोंडातला घास न गिळताच हाक मारली.

"या न्योरा, जेवायला या!"

न्योरा थांबली. शिकागोत तिला अशी हाक कोणी मारली नसावी, आणि मारली असती तर तिकडे हो म्हणजे हो.

"बरं," ती म्हणाली आणि फाटक उघडून आत आली.

सगळ्यांचे हात तोंडाशीच थांबले. तिबांगला उठता येईना की बसता येईना. इस्योने बाकावर सरकून जागा केली, दुसरं करणार काय? सुनेने घाईघाईने हाताला लागली ती ताटली पुसली, तिच्यात भात वाढला, ऊबेचा मोठा तुकडा ठेवला आणि न्योरापुढे सरकवली. ताटलीला निळी फुलं होती.

न्योराने फुलं बघितली. मग तिने भात एका हाताने दाबून धरला आणि ताटली उलटी करायला गेली. बुडाला लाल अक्षरं खरवडल्याची खूण होती आणि तिच्यावर गुलाबी रंगात तिबांगचं भलंमोठं नाव. ती काहीतरी बोलणार, एवढ्यात ऊबेचा तुकडा कडेवरून घसरला आणि जमिनीवर पडला.

 बोहोलात ऊबे जमिनीवर पडला, म्हणजे दुष्काळात ज्याने आपल्या आज्यापणज्यांना जगवलं तोच पडला. तिबांग वाकली, गोर्यो वाकला, इस्यो गुडघे विसरून वाकला. पण त्या सगळ्यांच्या आधी न्योराचा हात खाली पोचला होता. तिने तुकडा उचलला आणि विचार करायच्या आतच, लहानपणी शिकलेल्या रीतीप्रमाणे, त्याची पापी घेतली.

"माफ कर," ती त्या तुकड्याला म्हणाली.

मग तिच्या ध्यानात आलं की सगळी तिच्याकडे बघताहेत. तिचे ओठ जांभळे झाले होते, नाकाच्या शेंड्यालाही थोडं लागलं होतं. आधी तिबांगची सून फिसकली. मग तिबांग. मग न्योराच अशी हसायला लागली की भाताची ताटली तिच्या मांडीत आली, शेजारची वाटी लवंडली आणि पांढऱ्या बुटांवर कालवण सांडलं. इस्योच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं हसण्याचं किती आणि सुटल्याचं किती, ते त्याने बघितलं नाही.

"खरं सांग, इस्यो," हसणं आवरल्यावर न्योरा म्हणाली. "हे सगळं कशासाठी केलंस?"

"माझ्या पोटासाठी, न्योरा. तुम्ही काढल्यावर मला कोणीतरी घरात घ्यावं म्हणून. तुमचा विचार मी केला नाही, खोटं कशाला बोलू?"

"आणि भूकंप?"

"भूकंप झाला होता. ताटल्या वाचल्या होत्या."

न्योराने मान हलवली. "डोकं चालवलंस हो," ती म्हणाली. "माझ्या शिकागोच्या घराच्या दोन्ही बाजूंना माणसं राहतात. इतक्या वर्षांत माझी एक ताटली त्यांच्या घरी गेली नाही, की त्यांची माझ्याकडे आली नाही. ते घर मी विकून आले. ती खोकी काय आठ दिवसांची वाटली तुला?"

 तिबांगने कालवणाचा मोठा डाव तिच्या भातावर ओतला. न्योरा जेवली. पुन्हा वाढून घेतलं, पुन्हा जेवली, आणि बोटं चाटली.

"किल्ल्या मी परत देणार नाही," ती इस्योला म्हणाली. "तू चोर आहेस."

"हो, न्योरा."

"तुझं जेवण उद्या कोणाकडं आहे?"

"गोर्योकडं."

न्योराने गोर्योकडे बघितलं, मग हातातल्या ताटलीकडे, मग बुटांवरच्या कालवणाकडे. आणि अगदी हळू, शाळेतली मुलगी विचारते तसं तिने विचारलं, "किती वाजता जायचं आपण?"